आतलं इंजिन की बाहेरचं

बाबा, यांच्या होडीला इंजिन आतलं बसवायचं की बाहेरचं, यावरून आमच्या घरात सगळा हिवाळा वाद चालला होता. दोघांची साठी उलटलेली, आणि वाद इंजिनावरून. त्या दिवसांत मला तुमची फार आठवण आली. तुम्ही असतात तर आधी हेच विचारलं असतंत, की भिलाईत होडी आली कुठून. तुमचे जावई नोकरीच्या सुरुवातीला ट्रेनिंगसाठी विशाखापट्टणमला होते आणि तिथे शिडाची होडी चालवायला शिकले होते. लग्न ठरवताना त्यांनी तुम्हाला हे सांगितलंही होतं, पण तुम्ही ते थाप समजून कानाआड केलं. इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर त्यांनी खरंच तिकडून एक जुनी होडी ट्रकवर घालून आणली. नेहरू नगरात आमच्या फाटकासमोर ती आठवडाभर उभी होती, आणि कोचिंगला जाणारी मुलं तिच्यासोबत फोटो काढून घेत होती. मग ती तांदुळा धरणावर गेली. दर रविवारी हे पहाटे निघायचे आणि संध्याकाळी काळेठिक्कर होऊन, खुशीत परत यायचे. मी घरी राहायचे. वरणभाताचा कुकर लावायचा, डोक्याला तेल लावायचं आणि दुपारभर लोळायचं. तो दिवस माझा असायचा.

मागच्या वर्षी यांना लकवा मारला. बोलणं परत आलं, पाय बराचसा आला, उजवा हात मात्र आला नाही. तेव्हापासून माझा दिवस त्यांच्या शर्टाच्या बटणांपासून सुरू होतो. औषधं, मालिश, व्यायाम, पोळीचे तुकडे, आणि मध्येच त्यांची चिडचिड. मी थकले आहे बाबा. हे कोणाला म्हटलं की लोक लगेच माझं कौतुक करायला लागतात, म्हणून मी म्हणत नाही.

पाय जरा टेकायला लागल्याबरोबर यांनी धरणावर जायचं काढलं. आता मलाही सोबत जावं लागे. शिडाच्या होडीलाही इंजिन लागतं, कारण वारा मध्येच पडतो. आमच्या होडीचं इंजिन बाहेरचं होतं, मागच्या फळीला टांगलेलं. ते मागे वाकून पाण्यात सोडायचं आणि दोरी जोरात ओढून सुरू करायचं. एका रविवारी भर पाण्यात वारा पडला. यांनी डाव्या हाताने दोरी ओढली, पुन्हा ओढली, मग ते खाली बसले. मग मी ओढली. खांदा भरून आला, इंजिन काही बोललं नाही. शेवटी मी वल्हं मारत होडी काठाला आणली. मला पोहता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या दिवशी हे म्हणाले, आता पोटातलं इंजिन बसवायचं. ते होडीच्या आत असतं. बसल्या जागी किल्ली फिरवली की सुरू, वाकायला नको, ओढायला नको.

मुलगा बंगळुरूहून फोनवर म्हणाला, "मम्मी, सिंपल है ना, बाहेरचंच नवीन घे, सेल्फ-स्टार्टवालं. बिघडलं तर काढून दुकानात देता येते." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. आतलं इंजिन जड. त्याच्यासाठी होडीच्या बुडाला भोक पाडावं लागतं, त्यातून पाणी कापणाऱ्या पंख्याचा दांडा बाहेर काढावा लागतो, आणि त्या भोकातून पाणी झिरपतं का हे कायम पाहत राहावं लागतं. मी हे सगळं यांना मुद्देसूद सांगितलं. शाळेत इतकी वर्षं गणित शिकवलं, त्याचा काही उपयोग. यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सेल्फ-स्टार्ट असलं तरी त्याले पाण्यात उतरवायले मागं वाकावं लागते. ते मले जमत नाही, तूच पाह्यजे. अन् तुले तेच पाह्यजे." मी म्हटलं, "कावून? मले काय हौस आहे?" तर म्हणाले, "मी एकटा जाऊ नाही म्हणून. तू येते, अन् दिवसभर माझ्या हाताकडे पाहत बसते. पाणी तर पाहतच नाही."

मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीच भांडी घासत बसले. राग आला होता, कारण ते खरं होतं.

तिथे मला तुमचं बँकर आठवलं. डोंगरगडला असताना तुम्ही बँकरवर होता. दरेकसाचा चढ चढताना मालगाडीला मागून जोडायचं ते इंजिन. पुढचा डायव्हर गाडी ओढतो आणि तुम्ही मागून रेटता, समोर दिसतो फक्त गार्डचा डबा. चढ संपला की बँकर काढून घेतात आणि गाडी पुढे निघून जाते. मी लहानपणी तुम्हाला विचारलं होतं, "बाबा, तुमाले वाईट नाही वाटत? गाडी तं चालली जाते." तुम्ही जेवायला बसला होता, हातात कांदा होता. तुम्ही म्हणाला, "वाईट कायचं वाटते? मी जेवणाचा डबा खोलतो ना मंग." आई इतकी हसली होती की तिच्या हातची पोळी जळली. पुढे भिलाई-3 च्या क्वार्टरमध्ये मी धाकट्या भावाचा गृहपाठ करून देत होते, तेव्हा तुम्ही माझ्यासमोरून वही ओढून घेतली. "किती दूर रेटशील त्याले? चढ संपला, आता काढ आपलं बँकर." मी रडले होते. तो त्या वर्षी गणितात काठावर पास झाला आणि तुम्ही त्याला पेढे आणले, मला नाही.

बाबा, चढ संपला की सोडायचं हे तुम्ही शिकवलंत. पण लकव्याचा चढ कुठे संपतो हे कोणी सांगत नाही. डॉक्टर म्हणतात बघू. हे म्हणतात संपला. मला तर अजून चढच दिसतो, आणि मी रेटून राहिले आहे. तुमच्या वेळी निदान सिग्नल असायचे.

शेवटी मी हो म्हटलं. पटलं म्हणून नाही, वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं म्हणून. विशाखापट्टणमहून एक मिस्त्री एक लहान डिझेल इंजिन घेऊन आला. काठावर टायरांवर ठेवलेल्या होडीच्या बुडाला त्याने ड्रिल लावली तेव्हा मी तोंड फिरवलं. हे मात्र बाजूला उभे राहून त्याला हिंदीत सूचना देत होते, अगदी प्लांटच्या मिलमध्ये द्यायचे तशा.

मागच्या रविवारी हे पहिल्यांदा एकटे गेले. धरणावरच्या चौकीदाराने शीड चढवून दिलं, मी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले. हे म्हणाले, "आता सोड." डाव्या हाताने त्यांनी किल्ली फिरवली, आणि इंजिन पहिल्याच फेरीत लागलं. मी काठावर उभी राहिले. काय काय मनात येत होतं ते लिहीत नाही.

परत आले तेव्हा घामाघूम होते आणि चेहरा वर्षभरापूर्वीचा होता. भिलाईला येताना गाडीत म्हणाले, "मधात पोचलो ना, तेव्हा हात केला तुले. डावा नाही, उजवा. थोडासाच उचलला. दिसला का?" मी समोर रस्त्याकडे पाहत म्हटलं, "दिसला ना."

मला काही दिसलं नाही, बाबा. होडी जरा दूर गेल्यावर मी गाडीत येऊन बसले, सीट मागे टाकली आणि झोपले. एकदा डोळे मिटल्यावर हे बुडतील, वारा पडेल, काहीसुद्धा मनात आलं नाही. लकव्यानंतर इतकी गाढ झोप मला एकदाही लागली नव्हती. चौकीदाराने काच वाजवून उठवलं, तेव्हा होडी काठाला लागत होती. ज्या हाताला वर्षभर मालिश केली तो उचलला गेला, आणि मी पाहिला नाही. हे त्यांना सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून जिथे पोचणार नाही तिथे लिहून ठेवते आहे. या रविवारी ते पुन्हा जाणार आहेत. पुन्हा हात करीन म्हणाले. मी गाडीत उशी ठेवली आहे.