'सेट' या शब्दाची दोनशे कार्डं

४ तारीख, सोमवार. सकाळी ६.१०
ही काल दुपारी चिमीकडे गेली. आठ दिवसांसाठी. मनगटाला प्लास्टर आहे, लेकीकडे जरा आराम पडेल. माझी काहीच हरकत नव्हती. उलट मीच सुचवणार होतो, पण तोपर्यंत तिची बॅग भरून झाली होती.

आता आठ दिवस घर शांत. पहाटे पाचला उठणे (आज सहाला उठलो, पण पहिला दिवस धरत नाहीत). रोज दहा कार्डं. आजमितीला १२६ झाली आहेत, दोनशेला पुस्तक. माझा सिद्धांत साधा आहे. इंग्रजीचे हजार शब्द पाठ करणारे गल्लोगल्ली आहेत. मी एकच धरलाय, पण असा धरलाय की सुटायची सोय नाही. कपबशांचा सेट, टीव्हीचा सेट, नाटकाचा सेट. अलार्म सेट करतात, केस सेट करतात, पोरगा नोकरीत सेट होतो, सिमेंट सेट होतं आणि सूर्यसुद्धा सेट होतो. प्रत्येक अर्थाला एक कार्ड. वाक्य, तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नातं. सातवी पास माणसाने, कोणाही मास्तरच्या मदतीशिवाय हे केलं, असं प्रस्तावनेच्या पहिल्याच ओळीत येईल.

फोन मी आधी करणार नाही. आराम करणाऱ्याला त्रास देऊ नये.

५ तारीख. सकाळी ७.४५
पाच वाजता अलार्म झाला. सेट मीच केला होता, बंदही मीच केला.

हिने जाताना सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात. साखर. चहा. मीठ (हे साखर नाही). मोडलेल्या मनगटाने लिहिलंय, पण अक्षर काय वळणदार! एकही रेघ थरथरलेली नाही. जिद्द म्हणतात ती ही. आल्यावर कौतुक करायचं. लक्षात ठेवणे.

कार्डं: शून्य. भात करपल्यामुळे.

६ तारीख. रात्री ८
कारखान्यात चाळीस शिलाई मशीनं आहेत आणि चाळीसही माझ्या हाताखालून गेलेली आहेत. सुई खाली येते आणि हुक तिच्यामागून दोरा उचलतो, त्यात केसभर फरक पडला तरी टाका सुटतो. ते टायमिंग सेट करणारा मेकॅनिक या भागात मीच. आज सात नंबरचं मशीन टाके खात होतं. तेरा मिनिटांत उभं केलं.

जेवणाच्या सुट्टीत कार्ड लिहीत होतो तर सुपरवायझर म्हणाला, काका, काकू घरी नाहीत म्हणे, मग आता तर तुम्ही एकदम सेट! सगळ्या बायका हसल्या. मी रागावलो नाही. 'मनासारखी सोय होणे', कार्ड नंबर १२७. त्याला वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हणताना तो हसला नाही.

७ तारीख. संध्याकाळी ६.३०
जिन्यात शेजारच्या नर्सबाई भेटल्या. उगाच उभं करून बोलल्या. म्हणाल्या, शनिवारी काय झालं ते वहिनींनी मला सांगितलंय.

शनिवारी काहीही झालं नाही. नोंद म्हणून लिहून ठेवतो. ही हॉस्पिटलातून एकटीच आली (मी येणार होतो, पण 'सेट' आणि 'सेटल' यांची सरमिसळ निस्तरत होतो). दारातच म्हणाली, हाड नीट सेट झालं नाही म्हणतात, ऑपरेशन करावं लागेल. मी खुर्चीतून उठलोच. हाडाला हा शब्द लावतात, आणि इतक्या दिवसांत मला सुचला नव्हता! तिला म्हटलं, थांब, डॉक्टरांचं अख्खं वाक्य सांग, जसंच्या तसं. तिने सांगितलं. मी म्हटलं, पुन्हा एकदा, सावकाश. तिने पुन्हा सांगितलं. कार्ड नंबर १२६: 'पत्नी, उजवं मनगट, दुपारी १२.२०.' घरातून इतकं सहकार्य किती लेखकांना मिळतं?

नर्सबाई म्हणाल्या, अहो, निदान खाली बस तरी म्हणालात का तिला?

हा मुद्दा वेगळा आहे.

वर म्हणाल्या, तीन आठवडे तिची वेणी मी घालत होते, ठाऊक आहे का? मी समजत होतो, ती एका हाताने शिकली. एकदा आली होती माझ्याकडे कंगवा घेऊन, हे खरं. मी म्हटलं होतं, एवढं कार्ड होऊ दे. मग विसरली असेल.

९ तारीख, शनिवार. सकाळी ९
फोन केला. आधी केला असं म्हणता येणार नाही, कारण तिकडून येणारच असणार. चिमी म्हणाली, आई झोपलीय. मी म्हटलं, सकाळी नऊला? ही पाचला उठणारी बाई! चिमी म्हणाली, हो बाबा, आता नाही उठत.

औषधाचा परिणाम.

११ तारीख, सोमवार. सायंकाळी ७.१५
आठ दिवस पूर्ण. काल दिवसभर घर झाडलं, भांडी घासली, गादीवरची चादर बदलली. चादरी कुठे असतात हे शोधण्यात दोन तास गेले. आज चारला सहज पाय मोकळे करायला बसस्टॉपवर गेलो. चारची आली. पाचची आली. सव्वासहाची उशिरा आली. पाय भरपूर मोकळे झाले.

आठ दिवस म्हणजे कोणत्या दिवसापासून, हे आमचं नीट ठरलं नव्हतं. चूक दोघांचीही.

कार्डं: १२९. 'सेटबॅक' घालायचा होता, पण तो जोडशब्द. नियमात बसत नाही.

१२ तारीख. सकाळी ५.०५ (!)
उपाय सापडला. ही का येत नाही, याचा शांतपणे विचार केला. माझ्या मते कारण एकच. घरी आली की ते मशीन समोर दिसणार. बावीस वर्षं बायकांचे ब्लाउज, पोरांचे गणवेश शिवून तिने अर्धं घर चालवलंय. (अर्धं म्हणजे जरा जास्तच. पण असो.) आता उजव्या हाताने चाक फिरवता येणार नाही, दाब उचलता येणार नाही. शिवणाऱ्या बाईला मशीन नुसतं बघत बसावं लागणं म्हणजे काय, हे मेकॅनिकशिवाय कोणाला कळणार?

म्हणून मशीनच बदलायचं. मोटर बसवायची, पायाने चालणारी. कापडावरचा दाब गुडघ्याने उचलला जाईल असा दांडा करायचा. दोरा कापायला पाती डाव्या बाजूला. उजव्या हाताला काम म्हणून उरणार नाही, तो मांडीवर ठेवून बसावं राणीसारखं. डाव्या हाताने कापड सरकवायचं, बस्स.

तोपर्यंत कार्डं स्थगित. हा आळस नव्हे. अग्रक्रम.

१५ तारीख. दुपारी २, कारखाना
मशीन इथे आणलंय. गुडघ्याचा दांडा तिसऱ्यांदा केला. तिच्या खुर्चीपासून मशीनपर्यंतची उंची मोजायची होती, तर आठवलं, ती खुर्चीवर नाही, लाकडी स्टुलावर बसते. की पाटावर उशी ठेवून? नर्सबाईंना फोन करून विचारलं. म्हणाल्या, स्टूल. आणि वर म्हणाल्या, तुम्ही कधी बघितलंच नाही का हो?

मी मशीन बघत असतो. माणसाने एका गोष्टीकडे नीट बघावं.

१६ तारीख. सायंकाळी ६
झालं! उजवा हात मागे बांधून स्वतः तासभर शिवून पाहिलं. सरळ शिलाई, एकही टाका सुटलेला नाही. सुपरवायझरने दोनदा चालवून बघितलं. म्हणाला, काका, हे मात्र मानलं. उद्या रविवार. टॅक्सी सांगितली. परतीच्या टॅक्सीत दोघांना आणि मशीनला पुरेल एवढी जागा आहे, विचारून घेतलंय.

कार्ड नंबर १३०: 'मनाशी पक्कं ठरवलेला.' मीच.

१८ तारीख. सकाळी ६
काल लिहिता आलं नाही. आता क्रमाने लिहितो.

११.४० ला पोचलो. जावयांनी आणि मी मिळून मशीन दुसऱ्या मजल्यावर नेलं. ही बाल्कनीत शाल घेऊन बसली होती. वेणी घातलेली. गालावर जरा मांस आलंय. म्हणाली, या, बसा. घरी आलेल्या माणसाला म्हणतात तसं.

मी मशीन मांडलं. चिमी, जावई, समोरच्या बिऱ्हाडातल्या दोघी बायका, सगळे जमले. मी सगळं समजावून सांगितलं. हा पाय, हा गुडघा, ही पाती. उजवा हात मांडीवर ठेवून चार बोटं रुंदीची पट्टी शिवून दाखवली. समोरची एक म्हणाली, अगंबाई, वहिनी, नशीबवान आहात हो. मी हिच्याकडे बघितलं.

हिने शालीतून हात बाहेर काढला. प्लास्टरचा. तो डावा होता.

मोटर चालू होती, ती जावयांनी बंद केली. चिमी म्हणाली, बाबा, कधीपासून तुम्हाला उजवा वाटतोय? मी म्हटलं, पहिल्यापासून. हे मी खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं.

याला कारण आहे. जेवायला ती माझ्या समोर बसते. समोरच्या माणसाचा डावा हात आपल्या उजव्या बाजूला येतो. हे कोणाचंही होऊ शकतं. तीन आठवडे, दिवसातून दोनदा जेवताना होऊ शकतं का, हे तपासायला हवं.

ही रागावली नाही. मी वाट बघत होतो. तिने उजव्या हाताने माझ्यापुढे पाणी ठेवलं. म्हणाली, काम सफाईदार झालंय. निघताना जिन्याच्या तोंडाशी मी विचारलं, मग कधी येतेस? ती म्हणाली, इथं मला झोप लागते हो. एवढंच. टॅक्सीवाला खालून हॉर्न देत होता. मशीन खाली आणायला पुन्हा जावईच आले.

२२ तारीख. दुपारी १.३०
जावयांचा फोन. ऑपरेशन काल झालं, छान झालं, आता हाड बसेल. तुम्हाला कळवायचं गडबडीत राहून गेलं म्हणाले. गडबडीत राहतं. मी रजा टाकून ठेवली होती, आजची.

रजा रद्द करून कारखान्यात गेलो आणि सांगितलं, ऑपरेशन उत्तम झालं, मी सगळा वेळ बाहेर बाकावर बसून होतो. सुपरवायझर म्हणाला, काका, काल तर तुम्ही अकरा नंबरचं मशीन करत होतात. मी म्हटलं, म्हणजे मनाने.

२७ तारीख. सकाळी ५
पाचला उठू लागलोय. संकल्प पार पडला असं म्हणायला हरकत नाही. उठून काय करायचं ते ठरलेलं नाही.

डिक्शनरी उघडली. हा एवढासा शब्द अडीच पानं व्यापून बसलाय. बोट ठेवून खाली खाली आलो. ठेवणे, मांडणे, जुळवणे, बसवणे, घट्ट होणे, मावळणे. सगळे अर्थ येतात मला. एक कार्ड लिहायला घेतलं, १३१. वाक्य सुचलं नाही. कोणाच्या तरी तोंडचं असावं लागतं. घरात कोणी बोलत नाही.

३१ तारीख, रविवार. दुपारी ४.२०
चिमी येऊन गेली. एकटीच. मी चहा ठेवायला उठलो तर म्हणाली, बाबा, बसा, खाली रिक्षा थांबलीय. पर्समधून यादी काढली. हिच्या हातची. कपाटात वरून दुसऱ्या कप्प्यात डावीकडे निळा स्वेटर, त्याखाली दोन गाऊन, खाली पिशवीत लोकरीचे मोजे. चष्म्याचं जुनं घर. मोठी कात्री, मापाची टेप. आईचा फोटो, तिच्या आईचा. एकूण चौदा वस्तू, आणि प्रत्येकीपुढे जागा लिहिलेली.

मी म्हटलं, मी काढून देतो, मला घर माहीत आहे. पहिल्या तीन चिमीनेच काढल्या.

पेन्सिल घेऊन एकेका वस्तूवर टिक केली. निदान ते काम नीट झालं. सगळं मिळून दीड बॅग. एकोणतीस वर्षांत माणसाचं दीड बॅग सामान होतं, हे मला खरं वाटेना, म्हणून कपाट पुन्हा उघडून बघितलं. उरलेलं सगळं माझं होतं.

चिमी चपला घालत होती. मी म्हटलं, जड आहे, मी येतो पोचवायला. घरापर्यंत. हिला पण भेटेन. चिमी खाली वाकूनच होती. म्हणाली, बाबा, आईने चौदाच लिहिल्यात.

मग उठून तिने माझ्या शर्टाची कॉलर नीट केली, आणि गेली. यादी टेबलावरच राहिली. मी ती पहिल्यापासून तपासली, दोनदा. हिची यादी बरोबर होती. काहीही न्यायचं राहिलं नव्हतं.