शेपट्यांचा ठराव

नायगाव (पूर्व)
८ डिसेंबर २०२४

प्रिय उन्नती,

तुला आशीर्वाद, हर्षवर्धनरावांना नमस्कार. सर्वप्रथम माझ्यावर झालेल्या अन्यायाची नोंद घ्यावी. हे पत्र ज्या पाकिटातून येणार आहे, त्याला डिंक नाही. तीनदा चाटून झालं. आता भाताची शितं घेऊन बसलोय. या वयात नागरिकाला स्वतःच्या जेवणातून टपालखातं चालवावं लागतं.

फोन का केला नाही, म्हणशील. तू फोनवर बोललीस की साताऱ्याहून फोनशिवायही ऐकू येतं. शिवाय तुझी बालमैत्रीण विनिता माझ्या खालच्याच मजल्यावर राहते, आणि तुला कळलेलं तिला कळायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. म्हणून पत्र.

इकडे ताऱ्यावरून सोसायटीची सभा झाली. सहाव्या मजल्यावरचा डेरिक तुस्कानो, मूळचा पाचूबंदरचा, दर नाताळात फाटकावर तारा लावतो. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, आत दिवा. ताऱ्याला दोन शेपट्या, एक पांढरी, एक निळी, चांगल्या पुरुषभर लांब. विनिता सभेत उठली.

"शेंडेनक्षत्र आहे ते. दारात लावतं का कुणी? गेल्या वर्षी लागलं आणि फेब्रुवारीत लिफ्ट बंद पडली."

"लिफ्ट दर महिन्याला बंद पडते, वहिनी," डेरिक म्हणाला.

"म्हणजे बघा."

आपल्यात शेंडेनक्षत्र दिसलं की राजा मरतो, त्यांच्यात दिसलं की देव जन्मतो. बर्फाचा गोळा तोच. मी अध्यक्ष, म्हणून तोडगा काढला: तारा राहील, शेपट्याही राहतील, मात्र सहा जानेवारीला तीन राजांचा सण होईपर्यंत कोणत्याही सभासदावर संकट आल्यास शेपट्या उतरवण्यात येतील. सगळे खूश. मीही खूश, इतकं हास्यास्पद वाक्य एकमताने मंजूर झालं म्हणून.

सभेनंतर डेरिकला विचारलं, शेपट्या दोन का?

"सत्त्याण्णव सालचा धूमकेतू आठवतो? मी आठ वर्षांचा. पप्पा बोटीवर गेलेले, यायला उशीर झालेला. मम्मी मला घेऊन किनाऱ्यावर उभी. समुद्रावर तो दिसला, दोन शेपट्यांचा. मम्मी बोलली, रडू नको, ती बघ पप्पाची होडी, दोन शिडं लावून येते."

"मग?"

"मग काय. पप्पा आले, बोंबील घेऊन. पप्पाच्या बोटीला शीड नव्हतंच, इंजिन होतं. पण मी तारा करायला बसलो की हातातून होडीच होते. शिडं काढली तर ती येणार कशी?"

मी तीस वर्षं विनोदी लेख लिहितो. ते वाचून कुणाची मान वर गेल्याचं ऐकिवात नाही; वाचताना ती खालीच असते. परवा संध्याकाळी विनिता दुधाची पिशवी घेऊन फाटकात उभी होती. मान वर, तोंड थोडं उघडं. मला पाहिलं आणि म्हणाली, "वायर लोंबतेय का बघत होते." वायर लोंबत नव्हती.

इकडे थंडी बेताची. सांडोरची वांगी छान येतायत. चिरंजीव संकेत बंगलोरहून पंधरा दिवसांची रजा घेऊन येतोय.

तो रजा का घेतोय ते लिहायचं राहिलं. माझ्या मूत्रपिंडावर लिंबाएवढी गाठ निघाली आहे. सोळा तारखेला मुंबईत मूत्रपिंडासकट काढणार. कसली आहे ते काढल्यावर कळेल. डॉक्टर हे सांगताना माझ्याकडे न बघता संगणकाकडे बघत होता, यावरून तू काय तो अंदाज कर. मी केला आहे.

सभेच्या दुसऱ्याच दिवशी अहवाल आला. विनिताला याहून काय हवं? अध्यक्षच आडवा. शेपट्या उतरवायच्या नोटिशीवर सहीही माझीच लागेल.

म्हणून सोळापासून मी तुझ्याकडे साताऱ्याला आहे. तिचा फोन आला की मी अंघोळीला गेलोय. पुन्हा आला की गच्चीवर. पुढचे तीन आठवडे मी फार स्वच्छ माणूस असणार आहे. तू इकडे धावत येऊ नकोस. तू नायगावात दिसलीस की साताऱ्यात मी कुणाकडे आहे हा प्रश्न निघेल. संकेत रोज तुला कळवेल. आणि मी गेलोच, तर मी सभासद उरत नाही. ठराव सभासदांपुरता आहे, हे विनिताला नीट समजावून सांग. ती रडत असेल, पण सांग.

काल एक राहिलेलं काम उरकलं. गेल्या नाताळात डेरिकच्या आईने स्टीलच्या डब्यातून फुगे पाठवले होते, त्यांच्याकडचे ते तळलेले गोड गोळे. डबा रिकामा परत द्यायचा नाही, आणि तुझी वहिनी गेल्यापासून भरायला कोणी नाही, म्हणून तो वर्षभर ओट्यावरच होता. काल रव्याचे लाडू वळले. पहिले चार फुटले, उरलेले फुटणं शक्य नाही. डब्यात भरून वर नेले.

"तुम्ही केले?" डेरिकने विचारलं.

"दात सांभाळ."

"साताऱ्याहून परत कधी? मम्मी फुगे करेल."

"बघू," म्हटलं, आणि डबा त्याच्या हातात दिला.

तुझ्याकडे मुक्कामाला असलेला,
दादा