बीएमएक्सचे जुने फोटो

नवनाथदादा,

तुझी बीएमएक्स सायकल पुन्हा उभी करतोय. मूळ स्टिकर कसे होते ते कळावं म्हणून जुन्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकांकडे जुने फोटो मागितले.

पहिला आला चांदवडचा, शहाण्णव सालच्या कुणाच्या तरी लग्नातला. मांडवाला टेकलेली तुझीच सायकल, सीटला आईने शिवलेलं निळं कव्हर. पण तू तर एकोणनव्वदलाच चांदवडच्या घाटात कोसळून गेलास, आणि सायकल तेव्हापासून आपल्या माळ्यावर पडून होती.

मग तीच सायकल, घाटातून घराकडे येताना लागणाऱ्या पिंपळगावची, दोन हजार चारची. त्याच्याही अलीकडे, ओझरची, गेल्या वर्षीची. कालचा फोटो आपल्या नाशिकच्या गल्लीतला आहे, अगदी दारासमोरचा.

दादा, त्या दिवशी ब्रेकची वायर मीच काढली होती, माझ्या सायकलला लावायला. अजून कुणाला बोललो नाही.

स्टिकर राहू देत. ब्रेक मात्र आधी बसवलेत. बसण्याआधी एकदा दाबून बघ.

तुझा धाकटा,
जयवंत