गाडीच्या पोटाखालचा वारा

अण्णा,

तुमचं म्हणणं बरोबर होतं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि हे मी आज लिहितेय, तेही संतापून. आज कारखान्यात एका नव्या इंजिनिअरनं विंड टनेलमध्ये ठेवायला गाडीचं लहान मॉडेल आणलं. वरून आरशासारखं गुळगुळीत, खालून पाटासारखं सपाट. "खालचं कोण बघतंय?" म्हणाला. मी त्याच्यावर इतकी ओरडले की सगळा हॉल वळून बघायला लागला. तो राग त्याच्यावरचा नव्हताच. नांदेडच्या कॉलेजातल्या आमच्या विभागप्रमुख सरांवरचा होता, इतकी वर्षं साठलेला.

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. औशाच्या रस्त्यावरच्या ज्या वर्कशॉपात तुम्ही बसच्या बॉडीचं लाकूडकाम करायचात, तिथं आता नुसते पाण्याचे टँकर उभे. मी, तुमची लेक, नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. एका बस बांधणाऱ्या कारखान्यानं सरांना विचारलं होतं, बसचं तोंड कसं ठेवलं तर वारा कमी अडेल, डिझेल वाचेल? कॉलेजच्या टनेलमध्ये खरी बस कुठली मावायला! एका टोकाला पंखा, मधे काचेची पेटी आणि वारा मॉडेलला किती रेटतो ते दाखवणारा काटा, एवढंच ते यंत्र. म्हणून दहापट लहान बस हवी होती. मी ड्रॉइंग घेऊन तुमच्याकडे आले.

तुम्ही कागद उलटासुलटा करून बघितलात. "पोरी, हिचं खालचं कुठाय? गाडी काय नुसती वरूनच ऱ्हाती का?" मग सागाच्या तुकड्यांतून तुम्ही अ‍ॅक्सल कोरलेत, डिझेलची टाकी, स्टेपनीसुद्धा. मी म्हटलं, ड्रॉइंगमध्ये नाही हे. तर तुम्ही म्हणालात, "वाऱ्याला ड्रॉइंग वाचता येतं व्हय?"

एसटीनं, मांडीवर धोतरात गुंडाळून तुम्ही ते नांदेडला आणलंत. सरांनी उलटं करून पाहिलं आणि हसले. "खेळणं आणलंय का? हे सगळं झाकून टाका." तुमच्यासमोर खाली प्लायवूड ठोकलं. मग तुम्हाला म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा, आत नाजूक यंत्र आहे." ज्या माणसानं यंत्रात ठेवायची वस्तू घडवली, त्यालाच यंत्र नाजूक! तुम्ही व्हरांड्यात बसलात. आत पंखा सुरू झाला, काटा जेमतेम हलला, सर खूश.

पुढं त्या आकाराची खरी बस रस्त्यावर आली आणि सांगितलं होतं तितकं डिझेल काही वाचेना. कारखान्याचं पत्र आलं. तेव्हा सरांनी गुपचूप प्लायवूड काढायला लावलं. तुमच्या अ‍ॅक्सलवर, टाकीवर वारा अडला, काटा सरकला आणि आकडा रस्त्यावरच्या हिशोबाच्या जवळ आला. अहवालात छापलं: मॉडेलमधील सुधारणा, विभागप्रमुख. तुमचा उल्लेख नाही. कॉलेजच्या फोटोत सर मॉडेलवर हात ठेवून उभे आहेत. सगळं कळल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "गाडी नीट झाली न्हवं?" तेव्हाही मला तुमचा राग आला होता. का नाही भांडलात? टनेलच्या दारात उभं राहून का नाही म्हणालात, हे मी घडवलंय, बघायचा हक्क माझा आहे?

हे पत्र मी कुठं पाठवणार! पाठवता आलं असतं, तरी धीर झाला नसता. सरांना शिव्या देत हातभर लिहिलं, पण एक गोष्ट टाळत आले. त्या दिवशी दारात सरांनी मला विचारलं होतं, "हे कोण?" वर्गातली सगळी मुलं तिथं उभी होती. मी म्हणाले, "लातूरचे मिस्त्री आहेत."

तुम्ही ते ऐकलंत. संध्याकाळी स्टँडकडे निघताना म्हणालात, "येतो, ताई."