चाळीस दाण्यांचा कॉम्प्युटर

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आज सकाळी देवदर्शन करून आलो आणि दुकान उघडायच्या आधी ताटात हरभऱ्याचे चाळीस दाणे मोजून घेतले. एक दाणा म्हणजे हजार रुपये. आकडे डोक्यात राहत नाहीत, दाणे सरकवता तरी येतात. मॉनिटरला बारा, प्रोसेसरला नऊ, मदरबोर्डला सहा. रॅम, एसएसडी आणि कॅबिनेट-पॉवर सप्लाय, प्रत्येकी चार. उरलेला एक कीबोर्ड-माऊसचा.
संध्याकाळी सुमितचा पुण्याहून फोन. दिवाळीला दोन दिवस राहून गेला, त्यानंतर पहिलाच. कॉम्प्युटर सुटे भाग घेऊन जुळवायचा म्हटल्यावर खुलला. त्याची आई गेल्यापासून माझ्याशी एवढं बोलला नव्हता.
"बाबा, बारा हजाराचा मॉनिटर? मेडशीत टॉकीज टाकता काय?"
"मंदिरातले पाठ टाइप करायचे हायेत. म्हाताऱ्यांले बारीक अक्षर दिसत नाही. आता मलेही दिसत नाही."
हसला. उद्या पुन्हा करतो म्हणाला. केव्हाचं ऐकलं नव्हतं हे वाक्य.

१७ नोव्हें., सोमवार
सु.चा रोज फोन. माझं जेवण दिवस मावळायच्या आधीच होतं, मग दाण्यांचं ताट घेऊन बसतो. त्याचं म्हणणं, मॉनिटरचे तीन दाणे प्रोसेसरवर टाका. माझं म्हणणं, पाठ टाइप करायला एवढा मोठा प्रोसेसर कशाला.
"मंग मी पाठवतो दहा हजार. दोनी घ्या."
नाही म्हटलं. चातुर्मास लागताना देवापुढे मर्यादा बांधली आहे: वर्षभरात घरात एकच नवी वस्तू, चाळीस हजारांच्या आत. पैसा कोणाचा हा प्रश्न नाही. घरात किती आलं, हा आहे.
"देवाले तरी सांगा, जीएसटी सोडून चाळीस धर म्हणून."
हसू आलं. मर्यादा तीच.

२१ नोव्हें., शुक्रवार
दुकानाचा माल आणायला वाशिमला. इम्रानच्या कॉम्प्युटर दुकानात डोकावलो. वाटणी ऐकून घेतली त्याने. मग विचारलं, "काका, सध्या गावात लाइट कशी आहे?"
म्हटलं, हरभऱ्याला पाणी देणं सुरू आहे. मोटारी लागल्या की दिवा मिणमिणतो.
"मंग यूपीएस कुठी धरला तुमी?"
धरलाच नव्हता. बापानेही नाही, लेकानेही नाही. संध्याकाळी सु.ला सांगितलं.
"मी गावची लाइटच इसरून गेलो, बाबा."
यूपीएसला तीन दाणे. त्यानेच ते प्रोसेसरमधून काढले, न भांडता. वाटणी पुरी झाली.

२२ नोव्हें., शनिवार
"मंग सोमवारी घेऊन टाकता न?" सु. म्हणाला. मी म्हणालो, थांब, मदरबोर्ड दुसरा पाहू.
बोर्डातलं मला काही कळत नाही. वाटणी संपली की फोनही संपेल, एवढं कळतं.

२६ नोव्हें., बुधवार
मंदिरात चंपाकाकूंनी सगळ्यांसमोर धरलं. "काय रे, तुया कॉम्प्युटरची सोयरीक जमली का नाही? का माये डोये मिटल्यावर मोठे अक्षर आणतं?"
सगळे हसले. मीही. काकू पाठाचं पान डोळ्यांशी नेऊन वाचतात. अलीकडे वाचतही नाहीत, नुसतं पान धरून बसतात.
संध्याकाळी सु.शी कॅबिनेटवर बोललो. काळं की पांढरं.

३० नोव्हें., रविवार
इम्रानचा फोन. चारची रॅम सातवर गेली.
"काहून पण?"
"एआयवाले सारी उचलून राह्यले म्हणतेत. काका, तुमी तवाच घेऊन टाकाले पाह्यजे होतं."
सु.ला कळवलं. "आता मॉनिटर लहान घ्या. दुसरा इलाज नाही." घाईत होता.
म्हणजे माझ्या गप्पांचे तीन दाणे चंपाकाकूंच्या अक्षरांतून जाणार. हरभरा पुन्हा डब्यात टाकला.

३ डिसें., बुधवार
दोन दिवस फोन नाही. कामात असेल. दुकान लवकर बंद केलं तरी संध्याकाळ सरेना.
सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला बसलो, मन फोनपाशी. मर्यादा वस्तूंना बांधली, तेव्हा वाटलं मोठं काही सोडलं. मोह मात्र भलतीकडेच बसला होता. आपलंच पोर. त्याच्याशी बोलायला निमित्त लागतं आणि ते निमित्त मी जपत बसलो. असं का व्हावं, ते...

८ डिसें., सोमवार
सकाळच्या एसटीने वाशिमला गेलो. रॅम निम्मीच घेतली, बोर्डावर दुसरी जागा रिकामी ठेवली. मॉनिटर ठरला होता तोच. इम्रानने समोर बसवून जुळवला, चालवून दाखवला. चाळीसच्या आत. येताना मॉनिटरचं खोकं मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "याचं हाफ तिकीट लागते, काका."
दिवेलागणीला मीच सु.ला फोन केला.
"घेतला."
"मले न इचारता?"
"तुले इचारत बसलो म्हणून तं रॅमचा भाव गेला."
मग सांगितलं. बोर्डाचं काही नव्हतं. कॅबिनेटचंही नाही. तू फोन करत राहावं म्हणून लांबवलं.
मागे कोणीतरी त्याला हाक मारली. "मीटिंग आहे बाबा, ठेवतो," म्हणाला. आवाजावरून काही ओळखता आलं नाही.
त्याने ठेवायच्या आत म्हटलं, "काम नसलं तरी फोन करत जाय."
ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. मी मात्र बोललो.