जुना फोन कुठे ठेवलास?

धाकट्या,

मला न विचारता माझा फोन उचललास आणि त्यातलं सिम या तळहाताएवढ्या, लिनक्स नावाच्या कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या प्रणालीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये घातलंस. वर म्हणालास, “ताई, आता तू कुठल्याच कंपनीला बांधील नाहीस.” अरे, मी सुईण आहे, अडलेल्या बाईला बांधील आहे. माझे नंबर यात कसे आणायचे? मराठी कीबोर्ड कुठे आहे? फोन आला तर हा वाजतो तरी का? कोपऱ्यावरच्या शिंपिणीला कळा सुरू झाल्या. तिचा नवरा फोन करून थकला आणि शेवटी धावत दारात आला. मी तिकडेच निघाले आहे.

बाबांच्या आजारपणातही तू असंच परस्पर ठरवलंस, तेव्हा मी गप्प बसले. जुना फोन घेऊन तिकडे ये. तिच्या नवऱ्याची माफी तूच मागायची, मी तुझ्या वतीने मागणार नाही.

ताई