हिवाळी सुट्टीची प्रस्तावित परंपरा

१९ डिसेंबर
आज डबा खाताना अकाउंट्समधला एकजण म्हणाला, त्याची दोन्ही मुलं यंदाही सुट्टीत घरी येणार नाहीत. पोरांना यायला कारण लागतं हो, म्हणाला. आईबाप हे कारण नसतं, तो नुसता पत्ता असतो. मी डबा तसाच बंद केला. आपली मुलगी ३ जानेवारीला नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाणार. म्हणजे कारण तयार करायला माझ्या हातात ही एकच सुट्टी.
निश्चय: घराला हिवाळी सुट्टीची एक परंपरा द्यायची. अशी, की डिसेंबर लागला की तिचे पाय आपोआप इकडे वळावेत.
ऑफिसातलं टीम बिल्डिंग मीच घेतो. घरची माणसं तर आयतीच टीम. अर्धं काम झाल्यातच जमा.

२० डिसेंबर
शंका. पहिल्याच वर्षी एखाद्या गोष्टीला परंपरा म्हणणं प्रामाणिकपणाचं आहे का? बराच विचार केला. नाही. 'प्रस्तावित परंपरा' म्हणावं. बायकोला हा फरक समजावून सांगितला. ती म्हणाली, काय म्हणायचं ते म्हण, पण आधी गीझरवाल्याला बोलव.
उद्या ताई आणि भावोजी येणार, नेहमीप्रमाणे सुट्टी संपेपर्यंत. दर वर्षी येतात, पण नुसतेच येतात. त्यामागे हेतू असा काही नसतो.

२२ डिसेंबर
प्रस्तावित परंपरा पहिली: सगळ्यांनी मिळून पहाटे तळ्यापर्यंत चालणे.
साडेपाचला एकेकाला उठवलं. आई म्हणाली, मला गुडघे आहेत. ताई म्हणाली, मला अक्कल आहे. भावोजी पांघरुणातूनच म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. (नाश्त्याला आले.) मुलगी मात्र निमूटपणे निघाली. मला भरून आलं. कोपऱ्यावर लक्षात आलं, ती झोपेतच चालत होती. तिला घरी पोचवून एकटाच गेलो. धुक्यात तळं दिसलं नाही. असावं.
निष्कर्ष: कल्पना उत्तम, वेळ चुकली.
जेवणानंतर पुढची आखणी. मी दुपारी झोपत नाही. आडवा होऊन विचार करतो. आज पाच वाजेपर्यंत विचार केला.

२४ डिसेंबर
दुसरी: जेवण झाल्यावर प्रत्येकाने शेजारच्या माणसाबद्दल एक चांगली गोष्ट सांगणे. ऑफिसात या खेळात माणसं रडलेली आहेत.
भावोजींच्या वाट्याला आई आली. छताकडे बघत बसले, आणि म्हणाले, सासूबाई औषधं अगदी वेळेवर घेतात. आई म्हणाली, बरोबर आहे, माझ्यात दुसरं आहेच काय. ताई भावोजींवर उखडली: इतकी वर्षं आयतं गिळताय, आणि आठवलं काय तर औषधं! भावोजी म्हणाले, चांगलंच बोललो की! बायकोने माझ्याबद्दल सांगायचं होतं. मनाने चांगला आहे, असं म्हणून ती ताटं उचलायला लागली.
रडलं कोणी नाही. 'मनाने' या शब्दावर मी अजून विचार करतो आहे.

२७ डिसेंबर
तिसरी: संध्याकाळी गच्चीवर शेकोटी. सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी रीतसर काढली होती. दोरीवर त्यांचेच कपडे आहेत, हे मात्र त्यांनी सांगायला हवं होतं.
लाकडं ओली निघाली. भावोजी म्हणाले, धूर झकास जमलाय, आता जाळाचं बघा. मी जमिनीला गाल टेकवून फुंकत होतो, तेवढ्यात वॉचमन बादली घेऊन धावत आला. त्याला शांतपणे समजावलं की ही आग नाही, शेकोटी आहे. तो म्हणाला, साहेब, शेकोटीला कुणीतरी शेकत बसलेलं असतं.
मागे वळून पाहिलं. सगळे खाली गेले होते.
मुलीला सरळ विचारलं, तिन्हींतली कुठली आवडली? ती म्हणाली, बाबा, तू फार दमतोस रे. दुपारी मस्त झोपत जा. पोरीला बापाची केवढी काळजी! अशी पोर दूर जाणार.

२८ डिसेंबर
आत्मपरीक्षण. दोष माझाच. विचार करण्यात रोजची दुपार फुकट घालवतो आहे, आणि टीम तेवढा वेळ रिकामी बसून राहते. जेवताना जाहीर केलं: उद्यापासून दुपारचं आडवं होणं बंद, चौथी परंपरा दुपारी.
आई लगेच म्हणाली, अरे, थंडीत जेवण अंगावर येतं, पडावं जरा. बायको म्हणाली, तुझी रजई मुद्दाम उन्हात घातली होती, मऊ झालीय. भावोजींनी तर उठून माझ्या खोलीचा पडदा ओढून दाखवला, अंधार किती छान होतो ते.
इतकं प्रेम! तरी मी ठाम राहिलो.

२९ डिसेंबर
जेवणानंतर त्यांच्या समाधानासाठी पाच मिनिटं पडलो. झोप लागू दिली नाही. उठून बाहेर आलो तर घरात कोणी नाही. मागच्या बाल्कनीतून आवाज.
दारातून पाहिलं. उन्हात सतरंजी, मधोमध मटारच्या शेंगांचा ढीग. मुलगी उभी, हातात डाव, माईकसारखा धरलेला. माझा आवाज काढून म्हणत होती, पॉइंट नंबर वन, हसायचं असेल तर ग्रुपमध्ये हसा. भावोजी जमिनीला गाल टेकवून सतरंजी फुंकत होते. ताई हसून हसून बायकोच्या मांडीवर आडवी. आईने कवळी काढून हातात घेतली होती. मी आईला असं हसताना कधी पाहिल्याचं आठवत नाही.
मग मी दिसलो. सगळे खाली मान घालून शेंगा सोलायला लागले.
विचारलं, हे कधीपासून? ताई म्हणाली, ही शाळेत होती तेव्हापासून रे, तू झोपलास की बसतो. दर सुट्टीत. आम्ही उगाच येतो होय एवढ्या लांबून? मुलगी लाल झाली होती. म्हणाली, बाबा, रागावू नकोस. नव्या ऑफिसात मी आधीच सांगून ठेवलंय, डिसेंबरअखेरीस मला दर वर्षी रजा लागेल म्हणून. याच्यासाठी.
रागावलो नाही. सतरंजीवर बसलो. वातावरण मोकळं व्हावं म्हणून जोड्या पाडून मटार सोलू या, असं सुचवलं. ताईला फोन करायचा आठवला. भावोजींना ऊन लागायला लागलं. थोड्या वेळाने मी आणि मटार.

३० डिसेंबर
पुन्हा जाऊन बसलो. या वेळी काहीही सुचवायचं नाही, असं ठरवून. सगळे बसले होते, छान बोलले. आई म्हणाली, यंदा थंडी बरी आहे. भावोजी म्हणाले, आहे खरी. बायको म्हणाली, गेल्या वर्षीही होती. मुलीने दोनदा घड्याळ पाहिलं.

३१ डिसेंबर
दुपारी दोनला जांभई दिली, सगळ्यांना दिसेल अशी. खोलीत गेलो, पडदा ओढला, रजई घेतली. झोप येईना. म्हणून घोरायला लागलो.
दार किंचित उघडलं, मिटलं. पावलं मागे गेली. सतरंजी झटकल्याचा आवाज. मग पॉइंट नंबर वन, आणि सगळे एकदम हसले. पोरगी हुबेहूब काढते आवाज माझा, मान्य करायला हवं. मध्ये दम लागला म्हणून थांबलो, तर तिकडे एकदम चिडीचूप. लगेच पुन्हा सुरू केलं.
पाचपर्यंत घोरलो. घसा पार बसला आहे. पुढच्या डिसेंबरला खोकल्याच्या गोळ्या आधीच आणून ठेवायच्या.